झारी उचलण्याआधी कुंडी उचला

ऊन तापायला लागलं की या सदराच्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी 'कळ्या का गळतात' विचारणारी मंडळी आता एकच विचारतात, 'दिवसातून किती वेळा पाणी घालू?' आकडा मागू नका, मी देणार नाही. का देणार नाही ते पहिल्याच उत्तरात आलंय. घाईत असाल तर तेवढं वाचलंत तरी चालेल.

प्रश्न : माझ्या बाल्कनीत पश्चिमेचं कडक ऊन येतं. मोगऱ्याला सकाळी भरपूर पाणी घालते, तरी दुपारी दोनच्या सुमारास तो मान टाकतो. मग दुपारी एक मग, संध्याकाळी आणखी एक. आता खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. पाणी कमी पडतंय का? — मोगऱ्याच्या काळजीत

कमी नाही हो, जास्त होतंय.

दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. पानांवर, मुख्यतः त्यांच्या खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून दिवसभर वाफ बाहेर पडत असते. मुळांनी ओढलेल्या पाण्याचा शंभरातला दोन-तीन टक्के भाग झाडाच्या कामी राहतो, बाकी सगळं असं हवेत जातं. टळटळीत उन्हात पानांतून पाणी जाण्याचा वेग इतका वाढतो की माती ओली असूनही मुळांना तेवढा पुरवठा जमत नाही. पानं लोंबतात, छिद्रं मिटतात, खर्च आटोक्यात येतो. ऊन उतरलं की थोड्या वेळात झाड पुन्हा ताठ उभं. तुम्ही चार वाजता पाणी घालता आणि सहाला झाड टवटवीत दिसतं. श्रेय मगाला जातं, काम मावळत्या उन्हानं केलेलं असतं.

पिवळ्या पानांचं कारण मातीत आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या रोज, सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड पुन्हा मान टाकतं आणि तेही चिंब मातीत. ते बघून आणखी एक मग ओतला जातो. उन्हाळ्यात दगावलेल्या ज्या कुंड्या लोक मला दाखवायला आणतात, त्यांतल्या बऱ्याच उलट्या केल्यावर खालून गाळ निघतो.

तेव्हा झाडाकडे दुपारी नाही, सकाळी ऊन यायच्या आत बघा. रात्रभर विसावा मिळूनही ते लोळलेलंच असेल तर खरंच काही बिघडलंय. मग बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, साधारण दोन इंच. वरची माती कोरडी ठक्क आणि आत गारवा, माती बोटाला थोडीशी लागते पण चिखल होत नाही, म्हणजे वाफसा आहे. पाणी नको. दोन इंचांवरही भुसभुशीत कोरडं लागलं तर घाला.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे कुंडी उचलून बघणं. मी रोपवाटिकेत कामाला लागले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी बरेच दिवस माझ्या हातात झारी दिलीच नाही. पाणी ते घालायचे, मी फक्त कुंड्या उचलायच्या, घालण्याआधी आणि घातल्यानंतर. कंटाळा यायचा. पण हाताला एकदा वजन कळलं की ते विसरत नाही. मोठी कुंडी उचलणं झेपत नसेल तर एका बाजूनं कलती करून बघा, तेवढ्यानंही अंदाज येतो.

वजनाची ही युक्ती जुनी आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतच लावून वाढवलेलं साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल घेतलं, मातीवर शिशाचा पातळ पत्रा बसवून फटी बुजवल्या, म्हणजे वाफ जाईल ती फक्त झाडातून, आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी तागडीत घातली. बारा तासांच्या दिवसात सरासरी सव्वा पौंड पाणी उडालं, म्हणजे साधारण साडेपाचशे ग्रॅम. अगदी गरम, कोरड्या दिवशी हाच आकडा साडेआठशे ग्रॅमच्या घरात गेला. आणि कोरड्या उबदार रात्री? पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास. एकच झाड, एकच कुंडी, आणि एवढा फरक. आता सांगा, 'दिवसातून दोनदा' हे उत्तर मी कुठल्या दिवसासाठी देऊ?

तुमच्या मोगऱ्याचं असं करा. दुपारचा आणि संध्याकाळचा मग आजपासून बंद. माती दोन इंच सुकेपर्यंत हात आवरा. कुंडी भिंतीकडे सरकवा किंवा दुपारपुरतं हिरवं नेट आडवं लावा. मोगऱ्याला ऊन आवडतं, पण सकाळचं ऊन मिळालं तरी तो फुलतो. मातीला आंबूस कुबट वास येत असेल तर गड्डा बाहेर काढून बघा. पांढरी-पिवळसर टणक मुळं चांगली. तपकिरी, दाबल्यावर साल निसटणारी कापून टाका आणि ताज्या भुसभुशीत मातीत लावून आठवडाभर सावलीत ठेवा. एरवी भर उन्हाळ्यात कुंडी बदलू नये, पण कुजलेल्या मुळांपुढे मुहूर्त बघत बसायचं नसतं.

आणि पाणी घालाल तेव्हा चमच्या-चमच्यानं नको. खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. बारा इंची कुंडीला त्यासाठी माझ्या अनुभवात तीन लिटरच्या आसपास लागतं. अर्धं घालून पाच मिनिटं थांबायचं, मग उरलेलं. रोज घोट-घोट दिलं की वरची दोन बोटं माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात, आणि उन्हात सगळ्यात आधी तापतो तोच थर.

प्रश्न : सासरे म्हणतात झाडांना पाणी संध्याकाळीच घालायचं, मी सकाळी घालते. रोज यावरून शब्दाला शब्द वाढतो. कोण बरोबर? — मधल्या मध्ये सापडलेली सून

तुम्ही. पण सासऱ्यांना हा अंक दाखवण्याआधी पुढचं वाचा.

सकाळी पाणी घातलं की उन्हाचा चढ सुरू व्हायच्या आत झाडाची भरती झालेली असते, आणि पानांवर उडालेलं पाणी वाळायला अख्खा दिवस मिळतो. संध्याकाळी पानं भिजली तर ती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचं फावतं. गुलाबावरचे काळे ठिपके असेच वाढतात. मात्र सासरे झारीचं तोंड मातीपाशी नेऊन, पानं न भिजवता घालत असतील तर त्यांची पद्धतही वाईट नाही, कारण रात्री पाणी कमी उडतं. कडक उन्हात लहान कुंड्यांना दोन्ही वेळा लागू शकतं. तेव्हा सकाळची फेरी तुमची, संध्याकाळी बोट खुपसून तपासायचं काम त्यांचं. वाटणी करून टाका.

प्रश्न : भर दुपारी पाणी घातलं तर पाण्याच्या थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात, हे खरं का? — शंकेखोर

बहुतेक झाडांच्या बाबतीत नाही. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी हे नीट तपासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानावर थेंब चपटा पसरतो, त्यातून एकवटलेला प्रकाश पानाच्या खाली कुठेतरी गोळा होतो आणि पान करपत नाही. पानावर लव असेल आणि थेंब त्या केसांवर अधांतरी तोलून राहत असेल, तर करपणं शक्य आहे. त्यांनी ते एका तरंगत्या नेच्यावर पाहिलं. म्हणजे लवदार पानांवर दुपारी फवारा मारू नका, बाकी भिंगाची भीती सोडा.

दुपारी खरा चटका देते ती नळी. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, हात झटकाल. ते तसंच कुंडीत सोडलंत तर मुळांना पोळवाल. आधी बादलीत सोडा, गार येऊ लागलं की कुंडीकडे वळवा. गच्चीवरच्या टाकीचंही तेच, म्हणूनही सकाळ बरी.

दुपारी एखादं झाड खरोखर कोरडं पडलंय, कुंडी हाताला फुलासारखी हलकी लागतेय, तर संध्याकाळची वाट पाहू नका. सावलीत ओढा आणि तिथल्या तिथे पाणी द्या.

प्रश्न : जास्वंदीला मग भरून पाणी घातलं की क्षणात खालून बाहेर येतं. ताटली भरते, फरशी भरते, तरी झाड सुकलेलंच. भोक लहान करू का? — वैतागलेला

भोकाला हात लावू नका! बिचाऱ्याचा काही दोष नाही.

तुमची माती एकदा ठणठणीत वाळली असणार. कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत जास्त असलेली माती पुरती सुकली की ती पाणी शोषायचं सोडून झटकायला लागते. शिवाय आकसते. कुंडीच्या कडेला नीट बघा, माती आणि भिंत यांच्यात नखभर फट दिसेल. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गड्डा कोरडाच.

टबात किंवा मोठ्या बादलीत पाणी घ्या आणि कुंडी त्यात बसवा. पाणी कुंडीच्या काठाच्या जरा खाली राहू द्या. कुंडी हलकी असेल तर आधी तरंगेल, हातानं धरून ठेवा. थोड्या वेळानं मातीतून बुडबुडे यायला लागतील. आधी भराभर, मग एक इथे, एक तिथे. वरच्या मातीचा रंग कडेपासून मध्याकडे गडद होत जातो. बुडबुडे थांबले आणि मध्यभागही काळसर झाला की काढा. अर्धा तास लागेल, कधी जास्त. मग निथळू द्या आणि उचलून बघा. सकाळची कुंडी ती हीच का, असं वाटेल. कडेची फट नव्या मातीनं दाबून भरा.

कुंडी फार मोठी असेल तर पातळ काडीनं मातीत चार-सहा ठिकाणी भोकं पाडा, मुळं तुटणार नाहीत अशा बेतानं, आणि पाणी अगदी सावकाश, थांबत थांबत घाला.

एवढं करून दोन दिवसांत पुन्हा तेच झालं तर गड्डा काढून बघा. मुळांनी कुंडीभर वेटोळी घातली असतील आणि माती उरलीच नसेल. मग पाणी राहणार कुठे? अशा वेळी उन्हाळाभर ते सावलीत सांभाळा आणि हवा निवली की मोठी कुंडी द्या.

प्रश्न : मातीची कुंडी चांगली की प्लॅस्टिकची? — नवशिकी

मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि उडतं, त्यामुळे मुळं गार राहतात, पण पाणी लवकर संपतं. प्लॅस्टिकमध्ये पाणी टिकतं, मुळं तापतात. हात मोकळा सोडून पाणी घालणाऱ्यांना मातीची, विसरभोळ्यांना प्लॅस्टिकची.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या मात्र थेट उन्हात नकोत. उन्हाकडच्या बाजूची माती ४५ अंशांच्या वर जाऊ शकते आणि चाळिशीच्या पुढे बऱ्याच झाडांची मुळं होरपळायला लागतात. त्या बाजूला दुसरी कुंडी किंवा पुठ्ठा आडोशाला ठेवा, नाहीतर ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून टाका. तळाशी खडे-विटांचे तुकडे भरून निचरा सुधारतो हा समज मात्र सोडा. पाणी बारीक मातीतून भरड थरात सहजी उतरत नाही, त्या थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ आणला, एवढंच. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

प्रश्न : आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी कुंड्यांना घातलं तर? बादल्याच्या बादल्या फुकट जातात हो. — काटकसरी

तळमळ कळते. पण ही दोन पाणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. शोभेच्या झाडांना खुशाल घाला. फक्त ते यंत्रातल्या धुळीवरून, धातूच्या नळ्यांवरून येतं, म्हणून खायच्या पालेभाज्यांना मी ते देत नाही.

आरओच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात मात्र मूळ पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेले असतात. जमिनीतल्या झाडाखाली पावसानं ते धुऊन तरी जातात. कुंडी बंदिस्त. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि उन्हाळ्यात पाणी घालणं वाढतं म्हणून क्षारही वाढतात. मातीवर आणि कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी खरवड दिसते, पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. आधीच घालत आला असाल तर वरची खरवड खरवडून काढा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. ताटली काढून ठेवून बरं का, नाहीतर धुतलेलं मीठ झाड परत वर ओढेल.

प्रश्न : दहा दिवस गावाला जायचंय, शेजारीही नाहीत. कुंड्यांचं काय करू? — निघायच्या तयारीत

सगळ्यात आधी कुंड्या उन्हातून काढा. निम्मं काम तिथेच होतं. सावलीत, वारा कमी लागेल अशा कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवा, लहान कुंड्या मध्ये आणि मोठ्या कडेनं. कळ्या-फुलं खुडा, जीव तुटला तरी. मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन इंची थर द्या, खोडापासून दोन बोटं लांब. निघायच्या दिवशी खालून वाहीपर्यंत पाणी.

मग वात. जाड सुती दोरी किंवा जुन्या सुती कापडाची पिळलेली पट्टी आधी पूर्ण भिजवून घ्या. एक टोक बादलीच्या तळाशी, वर तरंगू नये म्हणून दगडाला बांधून. दुसरं टोक कुंडीच्या मातीत चांगलं तीन इंच खोल. बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच. नायलॉनपेक्षा सुती दोरी बरी. आणि हे जायच्या आदल्या रात्री करू नका! दोन-तीन दिवस घरात असतानाच लावून बघा. बादली किती उतरते, माती चिखल होतेय की कोरडी पडतेय, ते बघून दोरी जाड-बारीक करता येते.

मोठ्या कुंडीसाठी भाजलेल्या मातीचं, आतून-बाहेरून झिलई नसलेलं छोटं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्यानं भरा आणि झाकण ठेवा. आजूबाजूची माती सुकेल तसं पाणी भिंतीतून पाझरतं, ओल असेल तेव्हा पाझर मंदावतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या चिनी शेतीग्रंथात ही रीत लिहून ठेवलेली आहे. मडकं झाड लावतानाच पुरलेलं उत्तम. आता पुरायचं तर कडेनं, मुळं कमी तुटतील असं.

प्रश्न : उन्हानं गुलाब मरगळलाय. ताकदीसाठी खत घालू? — गुलाबप्रेमी

नको. कोरड्या मातीत खत म्हणजे मुळांना चटका. आधी सावली, पाणी, चार नवी पानं फुटू द्या. मग पातळ करून, ओल्या मातीतच.

प्रश्न : स्नेक प्लांट आणि कोरफड यांनाही बाकीच्यांबरोबर रोज पाणी देते. उन्हाळाच आहे ना! — सर्वांना समान न्याय

इथे समान न्याय म्हणजे अन्याय. ही झाडं छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचं पाणी फारसं उडतच नाही. माती तळापर्यंत सुकल्याशिवाय देऊ नका. कोरफडीची पानं किंचित पातळ दिसायला लागली, की द्या. त्यांच्या कुंड्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, म्हणजे हात आपोआप तिकडे वळणार नाही.

प्रश्न : ताटलीत पाणी ठेवलं तर झाड हवं तेवढं पिईल ना? डासांचं म्हणाल तर मी रोज ताजं पाणी ओततो. — ताटलीवाला

पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ताटलीत जे उरतं ते ओतून टाका. तळाची मुळं कायम पाण्यात राहिली तर काय होतं ते मोगऱ्याच्या उत्तरात आहेच. अपवाद एकच : अतिकडक उन्हात, लहान कुंडीत, दिवसभर घराबाहेर असाल तर सकाळी ताटलीत बोटभर पाणी ठेवायला हरकत नाही, पण संध्याकाळी ती कोरडी झालेली दिसली पाहिजे.

डासांसाठी नुसतं वर ताजं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती सुकली तरी महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी वर चढलं की फुटतात. उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ताटली उचला, पाणी फेका आणि आतली कड काथ्यानं खसाखसा घासून उन्हात पालथी घाला.